तुम्ही विचारलंत म्हणून: छाती कमी करून घेतली, पस्तावलीस का?

चार वर्षं झाली ऑपरेशनला, आणि हा प्रश्न अजून थांबत नाही. काहीजणी स्वतःसाठी विचारतात, काहींना मी पस्तावले असं ऐकायचं असतं. दोघींनाही आज एकदाच आणि पूर्ण सांगते.

खांद्यावरचे वळ, मानेचं दुखणं, स्तनांखाली चिघळणारी कातडी, हे ज्यांना आहे त्यांना माझ्याकडून कळायची गरज नाही. पण "आधी वजन कमी करून बघायचंस ना" याचं उत्तर देते, कारण ते ऐकून ऐकून मी थकलेय. बघितलं. नऊ किलो कमी केले. ब्राचा पट्टा घटला, कप होता तिथेच राहिला. स्तनात चरबी किती आणि ग्रंथी किती हे प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि ग्रंथी व्यायामाने झडत नाहीत.

सर्जनने टेप घेऊन गळ्याखालच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर मोजलं. ते साधारण 21 सेंटीमीटरच्या आसपास असतं. माझं 33 भरलं. मला तिथेच रडू फुटलं. इतकी वर्षं "तुला उगीच वाटतं" ऐकलं होतं. आज कुणीतरी मोजून कागदावर लिहिलं होतं.

मग त्यांनी समजावलं. स्तनाग्र सहसा सुटं काढत नाहीत. नसा आणि रक्तवाहिन्या ज्यातून येतात त्या मांसाच्या देठासकट वर सरकवतात. माझ्यासारखीचे टाके जहाजाच्या नांगरासारखे: स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि खालच्या घडीतून आडवे. संवेदना कमी होऊ शकते, जाऊही शकते. पुढे बाळाला अंगावर पाजता येईलच अशी खात्री नाही. मी एकतीस वर्षांची होते. सगळं ऐकलं आणि सही केली.

आता अकरावा दिवस. याबद्दल मी आजवर फारसं बोलले नव्हते.

सकाळी उठले तर डाव्या बाजूचं ड्रेसिंग ओलं लागलं. वाटलं, घाम असेल. बाथरूममध्ये जाऊन पट्टी सोडली तर गॉजवर पिवळट डाग. आरसा खाली धरून बघितलं. उभे टाके जिथे आडव्या टाक्यांना मिळतात, बरोबर त्या जागी कातडी उघडली होती. अंगठ्याच्या नखाएवढं भोक, तळाशी पांढरट पिवळं काहीतरी. मी आईला हाक मारली. ऑपरेशनला तिचा शेवटपर्यंत विरोध होता. ती आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दुखतंय का गं?"

दुखत नव्हतं. मला भीती वाटली ती त्याचीच. माझ्या अंगाला भोक पडलंय आणि मला कळत नाही. मी कडेला बोट लावलं. बोटाला कातडी लागली, कातडीला बोट नाही. धडधाकट शरीर आपण होऊन कापून घेतलं, असं त्या क्षणी मनात आलं आणि मी खाली फरशीवर बसले. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला तो आईने, माझे हात थरथरत होते.

त्यांनी लगेच बोलावून घेतलं. ही जागा उघडणं वारंवार दिसतं, म्हणाले. तिथे सगळ्यात जास्त ताण येतो आणि रक्त सगळ्यात कमी पोचतं. पुन्हा टाके घातले नाहीत, आतून भरून येऊ द्यायचं ठरलं. पाच आठवडे आईने रोज ड्रेसिंग बदललं. "मी सांगत होते" हे ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

जखम भरली. मान दुखायची थांबली, खांद्यावरचे वळ पुसट झाले, मी धावते. डाव्या स्तनाग्राची संवेदना मात्र परत आली नाही.

तेव्हा मी सगळ्यांना ठणकावून सांगायचे, "पाठीसाठी करतेय, दिसण्यासाठी नाही." खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. बोलताना समोरच्याची नजर माझ्या चेहऱ्यावर राहावी, हेही मला हवं होतं. ते उघड म्हटलं असतं तर ऑपरेशनचा हक्कच जाईल असं वाटायचं. आज त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी विचारते, दुखणं मान वळवून दाखवता आलं तरच ते खरं का? ती उलट विचारते, मग दुधाचं काय? मूल अजून झालेलं नाही. यावर आम्हा दोघींचं एकमत होत नाही.

मागच्या महिन्यात मैत्रिणीची धाकटी बहीण आली, वीस वर्षांची. तिला सांगितलं: सिगारेट ओढत असशील तर काही आठवडे आधी बंद कर, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी मरू शकते. वजन आधी स्थिर होऊ दे. काढलेलं मांस तपासणीला पाठवतात, घाबरू नकोस. नंतर पुन्हा वजन वाढलं किंवा दिवस गेले तर छाती परत वाढू शकते. करू की नको, हे मी सांगितलं नाही. तिने तीनदा विचारलं तरी. फोनमधले दोन फोटो दाखवू का म्हटलं, एक अकराव्या दिवसाचा, एक आत्ताचा.

ती म्हणाली, "आधी अकराव्या दिवसाचा." बोटांनी मोठा करून बघत बसली. दुसरा मागितलाच नाही.