दोनपटीचा हिशेब

रविवार, रात्री साडेदहा

दुपारी पाऊस उघडला तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा आवरायला घेतला आणि छायाचित्रणाच्या नावाखाली गेल्या आठ वर्षांत घरात आणलेले सारे काही चादरीवर मांडले. दोन ट्रायपॉड, तीन बॅगा, वेष्टनही न काढलेले फिल्टर, आणि या पसाऱ्यात काळ्या पिशवीतला तो टेलिकन्व्हर्टर, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची, दूरचे आणखी मोठे दाखवणारी जोडभिंगाची नळी, जिचा मला आजही राग येतो. खरे तर तो माझाच यायला हवा.

तेव्हा माझ्याकडे ७०-३०० मिलिमीटरची साधी झूम लेन्स होती. दोनपटीचा कन्व्हर्टर लावला की ३००चे ६०० होतात, एवढाच हिशेब करून मी तो विकत घेतला आणि मार्चमधल्या एका पहाटे उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला पोहोचलो. नावाड्याने होडी अलगद रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्याजवळ नेली. मी डोळा लावला तर आत सगळे अंधारलेले, आणि फोकस घरघरत मागेपुढे फिरतो आहे, पण कशावरच थांबत नाही. कन्व्हर्टर प्रतिमा दुप्पट करतो तसा प्रकाश चौथाईवर आणतो, त्यामुळे एफ ५.६ची लेन्स एफ ११ होऊन बसते (हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी), आणि माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस एफ ५.६च्या पुढे भरवशाचा नव्हता. हाताने फोकस केला, तर ६०० मिलिमीटरला हेलकावणाऱ्या होडीत हवा तेवढा वेगवान शटर त्या उजेडात मिळेना. दीडशेच्या आसपास फोटो काढले. त्यांत पक्षी ओळखू येतात, इतकेच म्हणता येईल. परतताना नावाड्याने ‘चांगले आले का, साहेब?’ असे विचारले आणि मी ‘हो’ म्हणालो.

ट्रायपॉडबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पहिला स्वस्त होता म्हणून सिंहगडाच्या वाऱ्यात थरथरला आणि दुसरा दणकट होता म्हणून घरीच राहिला.

लेन्सचे मात्र मनाला लागले. एका पावसाळ्यात ती चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि दिवाळीत काढून टॉर्चच्या उजेडात धरली, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू पसरलेले दिसले. चामडे ओल धरून ठेवते, हे मला कुणी सांगितले नव्हते, आणि मीही कुणाला विचारले नव्हते. कन्व्हर्टरच्या निम्म्या पैशांत हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक आला असता. आता तो डबा आहे, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहील एवढे पाहतो.

या साऱ्यांत हातात सतत राहिली ती ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, जी मी सर्वांत शेवटी आणि जवळजवळ नाइलाजाने घेतली. एफ ५.६च्या मानाने ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते. पालखी पुण्यात मुक्कामाला असताना, दिवेलागणीला एका आजींनी तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवून ठेवले तो फोटो तिनेच दिला.

कन्व्हर्टर घ्यायला उद्या संध्याकाळी एक कॉलेजचा मुलगा येणार आहे. एफ २.८ची लेन्स असेल तर तिची एफ ५.६ होईल आणि त्याचे काम निभेल. त्याच्याकडे कोणती लेन्स आहे, हे फोनवर विचारायचे राहून गेले. उद्या पैशांचे बोलण्याआधी तेच विचारीन.