पाट्याला टाकी

ग्राइंडरवर धार लावताना पटाशीचं, म्हणजे सुताराच्या छिन्नीचं, टोक निळं पडलं तेव्हा पहिल्या क्षणी मला ते सुंदरच वाटलं. कडेला मोरपिशी, मागे जांभळट, त्यामागे वाळल्या गवताचा फिकट पिवळा. सुतारांना त्यात काही सुंदर दिसत नाही. ते एवढंच म्हणतात, ‘पाणी उतरलं’, म्हणजे धारेचा कडकपणा गेला. साध्या कार्बन पोलादाला गवती रंग येतो साधारण २२० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. तिथवर गेलेली धार सागाच्या एका गाठीवर गोल होते. तेवढा तुकडा घासून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

साग नाशिकच्या पंचवटीतल्या एका पाडलेल्या वाड्याचा, तुळईचा. मी गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या गॅलरीत सुतारकाम करतो. निवृत्तीनंतरचा छंद, शेजाऱ्यांच्या मते आजार. धार लावायला सहा इंची ग्राइंडर घेतला आणि तोच तापायला लागला. दहा मिनिटांत अंगाला हात लावू देईना. एकदा वार्निश जळल्यासारखा वास आला आणि तो आपणहून बंद पडला. अर्ध्या तासाने, काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू.

मोटरची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या रिवाइंडिंगवाल्याने झाकणही न उघडता सांगितलं, ‘वाइंडिंग गेलं, अठराशे.’ मी मशीन उचललं आणि घरी आलो.

प्लगची पिन काढून चाक हाताने फिरवलं. मोकळं फिरत होतं, म्हणजे बेअरिंगची तक्रार नाही. मोटरच्या हवेच्या जाळीत मात्र भुसा आणि लोखंडी धूळ मिळून नमदा झाला होता. तो जुन्या टूथब्रशने काढला. मग संशय आला एक्स्टेन्शनचा. हॉलमधून गॅलरीपर्यंत वीस मीटर बारीक वायर, त्यातच व्होल्टेज गळतं आणि जोर लावताना मोटर जास्त करंट ओढते. म्हणून मशीन थेट स्वयंपाकघरातल्या पॉवर पॉइंटला जोडलं. (आई ओट्याशी होती. तिची परवानगी वगैरे मी घेतली नव्हती.) रिकामं पंधरा मिनिटं चाललं, जेमतेम कोमट. पटाशी टेकवली की पुन्हा भट्टी.

आई मेथी निवडत बघत होती. म्हणाली, “किती रेटतोयस रे! पाटा बसलाय तुझा. टाकी लाव त्याला.”

भद्रकालीच्या जुन्या घरी दुपारी हाक यायची, ‘पाट्याला टाकीऽऽ’. बाई दारात फतकल मारून बसायची आणि छिन्नीच्या टोकाने गुळगुळीत झालेल्या पाट्यावर टिक टिक खड्डे पाडत जायची. टाकी नसली की चटणी वाटली जात नाही, नुसती पाट्यावरून सरकते. मग वाटणारी आणखी जोर लावते, खांदे भरून येतात आणि चटणी तशीच भरड.

चाक उजेडात धरलं. चकाकत होतं. कण बोथट झालेले, मधल्या भोकांत पोलादाचा काळा चुरा. असं चाक कापत नाही, घासतं, आणि घासलं की ताप. कापत नाही म्हणून मी दाबतो, मी दाबतो म्हणून मोटर कण्हते. पटाशी निळी का आणि मोटर गरम का, या दोन तक्रारी मी वेगवेगळ्या लिहून ठेवल्या होत्या.

सातपूरहून टोकाला हिऱ्याचा कण असलेला ड्रेसर, म्हणजे चाकाचा बोथट थर खरवडायचं हत्यार, आणला. चष्मा लावला, तोंडाला मास्क बांधला. मिनिटाला २,८०० फेरे घेणाऱ्या सहा इंची चाकाची कड ताशी ८० किलोमीटरने पळते, तिथे धिटाई कामाची नाही. ड्रेसर हलकेच टेकवून या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवला. तीन वेळा. करड्या धुळीचा लोट उठला, आवाज घोगरा झाला आणि चाक खडबडीत, मळकट दिसू लागलं.

आता पटाशी नुसत्या स्वतःच्या वजनाने टेकते. दोन सेकंद, मग पाण्याच्या मगात. अंगठा धारेच्या मागेच, उघडा; त्याला चटका बसायच्या आत हात मागे येतो. मोटर तापते, पण हात ठेवता येतो.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरशेजारी विळी ठेवलेली. आईच्या विळीचं पातं फारच पातळ, चाकाला टेकताच निळं पडेल. ती ऑइलस्टोनवर, धार लावायच्या तेलाच्या दगडावर, हाताने लावतोय, तिसरा दिवस आहे.