लालबाग ते वडाळा

पंढरपूरपर्यंत पायी जाण्याइतकी रजा मुंबईच्या नोकरदाराला क्वचितच मिळते. म्हणून आषाढी एकादशीला शहरातल्या वस्त्या-वस्त्यांतून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे दिंड्या निघतात. त्या देवळाला प्रतिपंढरपूर म्हणण्याची इथे जुनी रीत आहे. यंदा मला रजेची अडचण नव्हती. विमा कंपनीच्या दावे विभागातली नोकरी मी चाळिशीच्या उंबरठ्यावर सोडली होती आणि शिक्षिका होण्यासाठी बी.एड.च्या प्रवेशफेरीची वाट पाहत होते.

लालबागहून निघालेल्या आमच्या दिंडीत पुढे पताका, मागे टाळकरी, मध्ये वीणेकरी आणि शेवटी डोक्यावर तुळस घेतलेल्या आम्ही बायका होतो. आंबेडकर रस्त्यावर बसगाड्या आम्हाला वळसा घालून जात होत्या. हिंदमाताजवळ पाणी नेहमीप्रमाणे घोट्यापर्यंत आले होते, त्यामुळे पखवाजवाल्याला पखवाज छातीशी उचलून धरावा लागला; टाळ मात्र थांबले नाहीत.

खरे सांगायचे तर मी कौल मागायला निघाले होते. आमचे मूळ गाव सिंधुदुर्गातले. तिथे लग्न असो वा जमिनीचा व्यवहार, गुरव ग्रामदेवतेच्या पाषाणाला पाकळ्यांचा वगैरे प्रसाद चिकटवतो आणि तो उजवीकडून पडला की देवाचा होकार, म्हणजे कौल, मिळाला असे समजून घरचे कामाला लागतात. विठ्ठलाकडे मात्र ही सोय नाही. त्याचे हात कमरेवर आहेत. तो उजवे-डावे काही देत नाही, आणि वारकरीही त्याच्याकडे निकाल मागायला जात नाही, नुसता भेटायला जातो. ज्याचा जीव कौलावर पोसला आहे, त्याला हे पचायला जड जाते.

परळ ओलांडताना शेजारी चालणाऱ्या, आमच्याच चाळीतल्या काकांना मी हे बोलून दाखवले. ते साताऱ्याकडचे, कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा ते विशीत होते, आणि त्या संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी असंख्यांप्रमाणे त्यांनाही गिरणीत परत जाता आले नाही. पुढे त्यांनी भाजी विकली, रात्रपाळीचा पहारा केला. ते म्हणाले, “तू विचार करून सोडलीस गं. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. तरी एकादशीचं चालणं चुकलं नाही, आणि त्याच्यापाशी गिरणी कधी मागितली नाही.” यात कडवटपणा नव्हता. पण माझी अनिश्चितता ही निवडलेली, पाठीशी थोडी शिल्लक असलेली अनिश्चितता आहे, हे त्या एका वाक्याने मला स्वच्छ दिसले.

श्रद्धेने उडी घेण्याच्या गोष्टी निघाल्या की तुकोबांचे उदाहरण हमखास दिले जाते: 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बुडाला आणि त्यांनी सावकारीची खते, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत सोडून दिली. परंपरेने सांगितलेल्या या कथेचा एक भाग मात्र सांगणारे बहुधा गाळतात. खतांची आधी वाटणी झाली. धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा हिस्सा त्याच्या हाती देऊन तुकोबांनी आपला तेवढा अर्धा बुडवला. मला ही वाटणी बुडवण्याइतकीच भक्तीची वाटते. राजीनामा देण्यापूर्वी सासूबाईंची औषधे आणि मुलाची फी यांचे पैसे नवऱ्याने आणि मी वेगळ्या खात्यात टाकले, तेव्हा हा विश्वासाचा अभाव तर नव्हे, अशी शंका मला होती. ती नायगावच्या आसपास कुठेतरी गळून पडली.

खोदादाद सर्कलहून पाच उद्यानांच्या सावलीतून आम्ही वडाळ्याला पोहोचलो. रांग इतकी लांब होती की बुवांनी कळसाचेच दर्शन घ्यायला सांगितले. मी हात जोडले. प्रवेशाबद्दल काही मागितले नाही.

मग पदपथावर बसून राजगिऱ्याचा लाडू खाताना पुढच्या कामाचा हिशेब केला. बी.एड. दोन वर्षांचे, आणि सहावी ते आठवीला शिकवायचे तर टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर द्यावा लागतो. 150 पैकी खुल्या प्रवर्गाला 90 गुण हवेत. त्यात गणित-विज्ञान घ्यावे की सामाजिक शास्त्रे, हे अनेक आठवडे ठरत नव्हते. काकांनी विचारले, तेव्हा मी गणित म्हणाले.