बाभळीचा काटा आणि कागदी विमान

विमानाच्या पंखाची वरची बाजू फुगीर असते, त्यामुळे वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला पडतो, खालच्या हवेला गाठण्यासाठी ती वेगाने धावते आणि म्हणून वरचा दाब कमी होऊन विमान उचलले जाते, असे मी सातवीच्या वर्गाला किती वर्षे शिकवत आलो, हे मोजण्याची आता इच्छा नाही. मार्चमधल्या सकाळच्या शाळेत एका मुलाने वहीच्या पानाचे विमान टेबलावर आणून ठेवले आणि विचारले, "सर, याचा पंख तं दोन्हीकून सपाटच हाय, मंग हे कसं उडते?"

प्रश्न बिनतोड होता. वरची आणि खालची हवा पंखाच्या मागच्या कडेला एकाच वेळी पोचली पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा आधीच पोचते. वरचा दाब कमी असतो हे खरे, पण त्याचे कारण मी सांगत होतो ते नव्हे. पंख किंचित तिरपा होऊन हवेतून पुढे सरकला की तो हवेला खाली वळवतो, आणि त्या बदल्यात, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, हवा त्याला वर ढकलते. धावत्या मोटारसायकलवर मागे बसून तळहात थोडा तिरपा धरला की हात आपसूक उचलला जातो, ते हेच. सपाट पंखालाही हे जमते. फुगीर पंख तेच काम कमी अडथळ्यात करतो.

त्या मुलाचे विमान मात्र नीट उडत नव्हते. फेकले की नाक वर करायचे, क्षणभर अडायचे आणि शेपटीवर कोसळायचे. पंख फार तिरपा झाला की वरची हवा त्याला चिकटून वाहू शकत नाही, ती सुटते आणि उचल एकदम घटते. दोष गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमानाचे वजन जिथे तोलले जाते त्या बिंदूचा होता. तो फार मागे होता. ए-४ आकाराचा ८० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा कागद जेमतेम ५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे नाकाशी जरासे वजनही पुरते. कुंपणाच्या बाभळीचा एक लांब काटा मुलांनी नाकाच्या घडीत खोचला, तर विमान सरळ नाकावर आपटले. मग नाक थोडे उचललेले राहावे म्हणून पंखांच्या मागच्या कडा रेघभर वर वळवल्या, आणि ते व्हरांड्यातून थेट हापशीपर्यंत गेले.

कागदी विमानाला इंजिन नसते. हाताचा रेटा संपल्यावर, बैल न जुंपलेली बंडी उतारावरून धावते, तसे ते स्वतःच्या वजनावर हवेतून घसरत राहते. तरीही अमेरिकेत २०२२ साली फेकलेले एक विमान ८८.३१८ मीटर गेले. आमच्या शाळेचे आवारही तेवढे लांब नाही.

दहाच्या सुमारास पऱ्हाट्या उपटलेले काळे वावर तापू लागते, त्यावरची हवा वर चढते आणि घारी पंख न हलवता गोल फिरू लागतात. घारही त्या हवेच्या मानाने सतत खालीच येत असते. फक्त हवा तिच्यापेक्षा वेगाने वर जात असते. आमच्या विमानालाही अशीच एक झुळूक लागली आणि ते काट्यासकट शाळेच्या टिनांवर जाऊन बसले.