काचेची का फायबरची? तुम्ही विचारलंत म्हणून

‘सर, टाकी काचेची घ्याची का फायबरची?’ आमच्याकडे मासे पाहिले की पाहुण्यांचा हा प्रश्न ठरलेला. फायबर म्हणजे अ‍ॅक्रिलिक, काचेसारखं दिसणारं पारदर्शक प्लास्टिक. नागपूरच्या दुकानात ती पाहून आलेले असतात आणि मनातून जवळजवळ घेऊनही टाकलेली असते. तरी मी सांगतो, आपल्याकडे काचेचीच घ्या. कारण आपलं बोअरचं पाणी आणि आपला मे महिना.

अ‍ॅक्रिलिकचे गुण खोटे नाहीत. ते काचेच्या निम्म्या वजनाचं, धक्क्याला कितीतरी पक्कं आणि दिसायला जास्त स्वच्छ. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, म्हणून ती कडेने हिरवट दिसते. जपानमधल्या ओकिनावाच्या मत्स्यालयात 2002 साली बसवलेली खिडकी अ‍ॅक्रिलिकचीच आहे: 22.5 मीटर लांब, 8.2 मीटर उंच आणि 60 सेंटिमीटर जाड. पण त्यांना व्हेल शार्क सांभाळायचे आहेत, आपल्याला मोली आणि गप्पी.

वजनाचंही तसंच. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी 5 एमएम काचेची टाकी सव्वानऊ किलोच्या आसपास भरते, तेवढ्याच जाडीची अ‍ॅक्रिलिकची साडेचार. आत पाणी मात्र काठोकाठ 56 लिटर, म्हणजे 56 किलो. एकदा भरली की दोन्ही टाक्या हलवायच्या नसतातच.

आता मे महिना. पारा 45 च्या पुढे, हवा कोरडी, टाकीवर पंखा. पाणी रोज बोटबोट उतरतं आणि आपण बोअरची बादली ओततो. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. पंधरवड्यात पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा धरतो, आधी धुरकट, मग हाताला खरखरीत लागेल असा. काचेवर असेल तर पाणी थोडं उतरवायचं, अर्धं लिंबू घासायचं, थोडं थांबायचं आणि दाढीचं ब्लेड तिरपं धरून ओढायचं. पापुद्रा निघून येतो, काचेला काही होत नाही. तेच ब्लेड अ‍ॅक्रिलिकवर फिरवलं की ओरखडा कायमचा. ब्लेड सोडा, स्पंजात वाळूचा एक कण अडकला तरी पुरे. पॉलिश करून ओरखडे जातात, पण आतल्या बाजूचे काढायला टाकी रिकामी करावी लागते. शिवाय काच पुसायचा स्प्रे त्यावर चालत नाही. त्यातल्या अमोनियाने किंवा स्पिरिटने बारीक चिरा पडतात. (नुसतं पाणी ओतत राहू नका. आठवड्याला थोडं जुनं काढून नवं घाला, पट्टाही कमी धरेल.)

‘अ‍ॅक्रिलिकमध्ये पाणी थंड राहते म्हणे?’ उष्णता त्यातून हळू जाते, हे खरं. पण खोलीच दिवसभर 40 वर असेल, तर आतलं पाणीही उशिरा का होईना तापणारच. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात लाइट गेली की हवेचा पंप बंद. तेव्हा महागड्या टाकीपेक्षा बॅटरीवर चालणारा पंप घ्या.

दुसरं कारण दुरुस्तीचं. काचेची टाकी तालुक्याचा काचवाला बनवून देतो, गळली तर जोड खरवडून पुन्हा भरतो. अ‍ॅक्रिलिकचा जोड सॉल्व्हंटने वितळवून बसवतात, साधं सिलिकॉन त्यावर नीट धरत नाही. ते काम येणारा माणूस आपल्याकडे शोधून दाखवा.

बदलीची नोकरी असेल, सामान दरवेळी ट्रकमध्ये आपटणार असेल, किंवा अंगणातलं क्रिकेट घरात शिरत असेल, तर खुशाल अ‍ॅक्रिलिक घ्या. फक्त तळ पूर्ण टेकेल असा सपाट ओटा करा, कारण ते वाकतं.

काचवाल्याला एवढं नक्की सांगा, सिलिकॉन बुरशीरोधक नको. बाथरूमसाठी मिळतं ते माशांना विषारी. साधं, लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं चालतं. ते दोन दिवस सुकू द्या, मग टाकी भरून रात्रभर खाली कोरडा कागद ठेवा. कागद सकाळी कोरडाच निघाला, की मासे आणायला जा.