आमची वाटचाल : चार बोटं रुंदीचा पट्टा

दसऱ्याला आमच्या कारखान्याला सोळा वर्षं पूर्ण झाली. कारखाना म्हणजे कोल्हापुरात सुभाषनगरात दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, सहा कारागीर आणि आई. कुत्र्यांचे पट्टे, लीश म्हणजे फिरवायच्या दोऱ्या आणि हार्नेस आम्ही करतो, सगळं कातड्याचं आणि हातशिलाईचं. २००८ साली सुरुवात केली तेव्हा गल्लीतल्या जाणत्या माणसांनी वडिलांना समजावलं होतं, की पोरीला आवरा, चपलेचं काम सोडून कुत्र्याच्या गळ्यात कुठे पडते. आज त्यांच्यातल्याच दोघांची मुलं आमच्याकडे कामाला आहेत आणि मन लावून काम करतात. हे सांगताना मला अभिमान वाटतो.

चपलेच्या कामात तळ कापणं, ठोकणं पुरुषांचं आणि वेण्या, गोंडे बायकांचे, हे आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. आईच्या हाताची वेणी अशी, की सात पदर कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते सापडत नाही. ताराबाई पार्कातल्या एका बाईंच्या अल्सेशियनसाठी तिने उरलेल्या बारीक कातडी पट्ट्यांची लीश विणून दिली. बाईंनी पैसे दिले आणि पुढच्या आठवड्यात तीन मैत्रिणींना घेऊन आल्या. आमचा धंदा तिथून सुरू झाला.

वडिलांची कातडं कापायची रापी अजून मीच वापरते. घासून घासून पातं निम्मं उरलंय. मुठीवरची चिंधी बदलते, रापी बदलत नाही. नवीन मुलगा कामाला आला की पहिले दोन महिने त्याला फक्त कड छिलायला देते. बक्कलावरून पट्टा जिथे दुमडतो तिथे कातडं निम्म्या जाडीचं करावं लागतं, नाहीतर तिथे फुगवटा येतो आणि तो कुत्र्याच्या मानेला दिवसभर घासतो. मशीनवर छिलता येतं, पण पाठीचं कातडं कुठलं आणि पोटाचं कुठलं हे मशीनला कळत नाही. पोटाकडचं कातडं ताणतं. पट्टा पाठीच्याच कातड्याचा हवा. शिलाईचंही तसंच. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा खालच्यात अडकवलेला असतो, एक तुटला की शिवण उसवत जाते. दोन सुयांच्या शिलाईत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार जातात. एक झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. पन्नास-साठ किलोचा ग्रेट डेन रस्त्यात मांजर बघून उसळतो, तेव्हा मेणाच्या दोऱ्याची किंमत कळते.

२०११ च्या जानेवारीत जतकडचे एक गृहस्थ कारवान कुत्रं घेऊन दुकानात आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी आमचा तेव्हाचा सगळ्यात देखणा पट्टा काढला, पाऊण इंची, पितळी फुलं ठोकलेला. गळ्यात बांधला, दोन बोटं घालून बघितली, सगळं बरोबर होतं. कुत्र्यानं मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकलं आणि पट्टा माझ्या हातात राहिला.

"पोरी, ही बांगडी झाली. पट्टा कर," आबा म्हणाले.

आबांनी त्या दिवशी दोन तास बसून शिकवलं. ज्याला आपण कारवान म्हणतो, त्यालाच पलीकडे कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. तिची कवटी निमुळती आणि मान लांब, जाड, जवळजवळ डोक्याच्याच घेराची. साधा पट्टा घट्ट केला तर गळा दाबतो, सैल ठेवला तर कानांवरून निघून येतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, आणि धावायला लागलं की एका झेपेत दोरी संपते. अरुंद पट्टा त्या क्षणी श्वासनळीवर बसतो. म्हणून पट्टा रुंद हवा, आबांच्या भाषेत "चार बोटं", मधे रुंद आणि टोकांना निमुळता. त्यावर एक लहान फास, कुत्र्यानं मागे ओढलं तरच आवळणारा आणि ठरावीक अंतरावर थांबणारा. इंग्रजीत त्याला मार्टिंगेल कॉलर म्हणतात. आम्ही आवळपट्टा म्हणतो. फास पूर्ण आवळला तरी पट्ट्याच्या टोकांच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत, मधे दोन बोटांचं अंतर राहिलं पाहिजे. कड्या टेकल्या तर पट्टा मोठा आहे, तो परत करा. आणि कुत्रं एकटं असताना आवळपट्टा काढून ठेवा, तो कुठेही अडकू शकतो.

पहिले नऊ नमुने आबांनी परत आणले. दहावा घेऊन गेले ते दोन महिन्यांनी आले, आणि सोबत त्यांच्या भागातल्या अकरा जणांची मापं आणली.

त्यानंतरची पाच वर्षं कामात गेली. २०१५ ला राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली तेव्हा आम्ही पूर्णपणे म्हशीच्या कातड्यावर आलो.

२०१८ चं मात्र मला सविस्तर सांगायचंय. आजवर मी ते कुठे लिहिलं नव्हतं.

२०१६ पासून पुण्याचे एक व्यापारी आमचा माल घ्यायचे. माणूस बोलायला गोड, हिशेबाला बरा. २०१८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ६४० आवळपट्ट्यांची ऑर्डर दिली. एवढी मोठी ऑर्डर आम्ही कधी बघितली नव्हती. अट एकच होती. आमचे पितळी रिवेट त्यांना "जुनाट" वाटत होते. गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं म्हणून त्यांनी स्वतः खोक्यांतून रिवेट पाठवले, चांदीसारखे, मोठ्या टिकलीचे. एका पट्ट्याला चार. मी ते ठोकले. माझी चूक एवढीच, की लोहचुंबक लावून बघितलं नाही. आत लोखंड होतं, वर निकेलचा नुसता हात फिरवलेला.

माल मे महिन्याच्या शेवटी गेला. जुलैत फोन सुरू झाले. पट्ट्यावर काळे डाग, आणि कुत्र्याच्या मानेभोवती काळं वळं. पांढऱ्या, पिवळसर कुत्र्यांवर तर मान जळल्यासारखी दिसायची. व्यापाऱ्यांनी सगळ्या दुकानदारांना सांगितलं, कोल्हापूरच्या कातड्याला कच्चा रंग मारलाय. आम्ही त्या पट्ट्यांना रंग मारलाच नव्हता. नैसर्गिक बदामी कातडं होतं ते, तेल लावून घोटलेलं.

कारण आईनं एका वाक्यात सांगितलं. ऑगस्टमध्ये पहिलं पोतं परत आलं, तिनं एक पट्टा उचलून वास घेतला आणि म्हणाली, "हिरड्यात लोखंड घातलंस. शाई झाली."

आमचं कातडं पूर्वी घरीच कमावलं जायचं. कातडं पिशवीसारखं शिवून त्यात बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. त्या पाण्याजवळ लोखंडी पाटीसुद्धा आणू द्यायचे नाहीत. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिळून पूर्वी पोथ्यांची काळी शाई करायचे, तोच प्रकार. पावसाळ्यात निकेल सुटलं, लोखंड गंजलं, कातड्यात मुरलेल्या हिरड्या-बाभळीच्या कषायाशी (टॅनिनशी) त्याची गाठ पडली आणि प्रत्येक रिवेटखाली शाई तयार झाली. क्रोमच्या रसायनानं कमावलेल्या कातड्यावर हे एवढं होत नाही. म्हणजे आमचं कातडं खरं होतं म्हणूनच डाग पडले. हे मी व्यापाऱ्यांना पत्रानं कळवलं, रिवेटच्या चलनाची प्रत जोडली. उत्तर आलं नाही. ६४० पैकी ५९० पट्टे परत आले, उरलेली साठ टक्के रक्कम आजपर्यंत आलेली नाही.

कातड्याच्या व्यापाऱ्याचे १,८५,००० रुपये अंगावर होते. कातडं पातळ करायचं स्प्लिटिंग मशीन विकलं. दोन मुलं काम सोडून गेली, आणि त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे पगार नव्हता. गणपतीत दुकान बंद होतं. मी आईला म्हणाले, परत चपलांकडे जाऊ. आईनं काही उत्तर दिलं नाही. शेडच्या कोपऱ्यात एक माठ ठेवला, त्यात गूळ, पाणी आणि मोडकी लोखंडी अवजारं टाकली आणि फडकं बांधलं.

अठरा-वीस दिवसांनी ते पाणी काळपट आणि आंबूस झालं. आम्ही ५९० पट्ट्यांचे रिवेट एकेक करून उपटले, दोन हजारांच्या वर. माझ्या उजव्या अंगठ्याला त्या महिन्याचा घट्टा अजून आहे. मग पट्टे त्या पाण्यात बुडवले. बदामी कातडं डोळ्यांदेखत राखाडी, मग निळसर, मग काळं होत गेलं. जी शाई डागाडागानं आली होती तीच आईनं सबंध पट्ट्यावर सारखी आणली. पुढचं काम महत्त्वाचं, घाई केली तर कातडं तडकतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि एरंडेल जिरवायचं. ४१० पट्टे निघाले. बाकीच्यांना भेगा गेल्या, त्यातला चांगला भाग कापून पिल्लांचे पट्टे केले. सगळ्यांना पितळी रिवेट, ओलं फडकं दिवसभर गुंडाळून तपासलेले.

आबांचा फोन आला, त्यांना कुठूनतरी कळलं होतं. एस.टी.नं आले. काळा पट्टा हातात घेतला, ओल्या धोतराच्या सोग्यानं घासला, सोगा बघितला. पांढराच होता. म्हणाले, "चाळीस दे." पैसे रोख मोजले आणि चाळीस पट्टे खांद्यावरच्या पिशवीत घालून घेऊन गेले. दिवाळीपर्यंत जत, सांगोला, विजापूरकडून दीडशे पट्ट्यांची मागणी आली. आज आमचा काळा आवळपट्टा सगळ्यात जास्त खपतो, आणि तो रंग अजून आईच्या माठातलाच असतो.

त्याच हिवाळ्यात पुण्याच्या त्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या नावानं आवळपट्टा बाजारात आणला. आम्ही पट्ट्याचं बक्कलाकडचं टोक कोल्हापुरी चपलेच्या कानासारखं गोल कापतो, ते वडिलांच्या फरम्यावरून आलंय. त्यांचं टोक तसंच. नमुन्याचे म्हणून त्यांनी ठेवून घेतलेले आमचे पट्टे कुठे गेले ते मला तेव्हा समजलं. माल रेक्झिनचा, कडा रंगवलेल्या, आणि खोक्यावर छापलंय "अस्सल कोल्हापुरी". २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तर त्यांनी खोक्यावर तेही टाकलं. मानांकन चपलेचं आहे, कुत्र्याच्या पट्ट्याचं नाही. मी खरी कोल्हापूरची, आणि मी माझ्या खोक्यावर ते छापत नाही. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंडचा उल्लेख केला, देशी कुत्र्यांची चौकशी एकदम वाढली, आणि त्या वर्षी त्यांचा पट्टा आमच्यापेक्षा जास्त विकला गेला असेल. मला त्याचा त्रास झाला, अजून होतो. त्यांचे तुटलेले पट्टे दुरुस्तीला माझ्याकडे येतात. मी दुरुस्त करून देते, कुत्र्याचा त्यात काय दोष.

म्हणून खरेदी करणाऱ्यांना थोडं सांगते. रंग शेवटी बघा. आधी डी-कडी बघा, म्हणजे लीश अडकवायची इंग्रजी डीच्या आकाराची कडी, तिचा जोड वेल्ड केलेला असावा, नुसती वाकवलेली तार ओढ लागली की उघडते. लोहचुंबक खिशात ठेवा, चिकटलं तर ते पितळ नाही. जस्ताच्या ओतीव कड्यांना चुंबक चिकटत नाही, पण त्या नखभर खरवडल्या की आतून राखाडी निघतात आणि ओढ लागली की तडकतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला पट्ट्यावर ओढूच नका, छातीवरून जाणारा हार्नेस घ्या. लोंबती घुंगरं आणि मणी देखणे दिसतात, पण पिल्लू ते चावून गिळतं. नाव आणि फोन नंबरची पाटी लोंबती घेऊ नका, पट्ट्यावर सपाट ठोकून घ्या. एप्रिलमध्ये कुत्र्याला जॅकेट घालून फोटो काढणाऱ्यांना मी दुकानातून माल देत नाही, हे आमच्याकडच्या मुलींना माहीत आहे. पावसात भिजलेला पट्टा उन्हात टाकू नका, पंख्याखाली वाळवा, बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसून थोडं एरंडेल लावा. आणि वाढत्या पिल्लाला महागडा पट्टा घेऊ नका, तुम्ही माझ्याकडे आलात तरी मी नवारीचाच देईन. दर आठवड्याला दोन बोटं घालून बघा.

मापं मात्र आम्हाला दोन लागतात, कानांच्या मागे मानेचं आणि डोक्याच्या सर्वांत रुंद भागाचं. बहुतेक लोक फोटो पाठवतात आणि "मीडियम" लिहितात. आबा अजून सुतळी पाठवतात. नातवाकडे मोबाईल आहे, तरी त्यांचा त्यावर भरवसा नाही. पाकिटात सुतळी, तिला गाठी, दर कुत्र्यामागे दोन, मानेची एक आणि डोक्याची एक. कुठली गाठ कुठल्या कुत्र्याची ते कागदावर नावानिशी लिहिलेलं असतं. गेल्या सोमवारी पाकीट आलं, दहा गाठी आहेत. आईनं माठावरचं फडकं सोडलंय.