आबाजींची टीसी अन् आजीचं मीटर

एमजीची गाडी म्हटलं की आमच्या गल्लीतली पोरं विचारतात, "दादा, हेक्टर का?" (ती आताची मोठी एसयूव्ही). मग मी कव्हर काढून दाखवतो. एमजी टीसी. दोन सीटची, वर कापडी टप, समोरची काच बॉनेटवर आडवी पाडता येते अन् बंपर तर नाहीच. १९४५ ते १९४९ एवढीच वर्षं निघाली, इंग्लंडात ॲबिंग्डनला, सगळ्या मिळून जेमतेम १०,०००. आमची ४८ ची. आबाजींनी १९६३ मध्ये मनसरकडच्या मँगनीज खाणीतल्या एका साहेबाकडून घेतली, कितीला घेतली ते आजीला कधीच खरं सांगितलं नाही.

या गाडीची एक गंमत आहे, ड्रायव्हरच्या समोर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दिसतो आणि स्पीडोमीटर पार बाजूच्या सीटसमोर. म्हणजे गाडी किती पळून राहिली हे चालवणाऱ्यापेक्षा शेजारच्याला जास्त नीट दिसतं. आबाजी चालवायचे अन् आजी आकडे ओरडायची, तेही मैलात. "चाळीस झाले हो!" रामटेकला जाताना पंचेचाळीसच्या पुढे काटा गेला की ती बोलणं बंद करायची, अन् आबाजींना त्याचीच जास्त भीती.

१९८९ पासून गाडी धंतोलीच्या जुन्या घरामागच्या शेडमध्ये, वर संत्र्याच्या पेट्या. माझ्या हाती आली तेव्हा इंजिन जाम होतं, पण खरं दुखणं लाकडाचं. बाहेरून पत्रा दिसतो ना, त्याच्या आत अख्खा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचा असतो. आता हे लाकूड नागपूरच्या मे महिन्यात कसं टिकणार, उन्हाळ्यात सुकून आकसतं, पावसात फुगतं, स्क्रू ढिले होतात. वरून दारं मागच्या बाजूला बिजागरीवर, चौकट हलली अन् खटका सुटला की चालत्या गाडीत वाऱ्याने दार सताड उघडणार.

पत्रा काढला तर ॲशला बहुतेक ठिकाणी वाळवी, पण डाव्या दाराचा खांब मात्र ठणठणीत. तो सागवानाचा निघाला! बाबा म्हणाले, आबाजींनी महाल भागातल्या सुताराकडून बसवून घेतला होता, आलापल्लीचा सागवान. मला जो माणूस सल्ला देत होता तो म्हणे हा काढून टाका, गाडी ओरिजिनल राहत नाही, इंग्लंडहून ॲश मागवा. मी मागवणारच होतो, खरं सांगतो. बाबा एवढंच बोलले, "तो खांब काढायचा असंल तर मले शेडमध्ये बोलावू नको." मग उरलेलाही सागवानातच केला, थोडी जड झाली गाडी, होऊ दे.

इंजिन १२५० सीसीचं, दोन एसयू कार्बोरेटर. चाचांनी (मोमिनपुऱ्यातले, पन्नास वर्षं हातात पाना) पहिल्याच दिवशी डोकं धरलं. बोल्टचं डोकं व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी) मापाचं अन् आटे मिलिमीटरचे. कारण असं की हे इंजिन बनायचं तो कोव्हेंट्रीचा कारखाना मूळ फ्रेंच हॉचकिस कंपनीचा, गाड्या बनवणाऱ्या मॉरिसने तो १९२३ मध्ये घेतला, मशिनं मेट्रिक होती ती तशीच वापरली, फक्त डोकी इंग्रजी पान्यांना बसतील अशी ठेवली. चाचा म्हणे, "भाऊ, हे कोणाचं लेकरू आहे?" त्यांच्या पोराने त्यात बॅटरी उलटी जोडली, कारण या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीची प्लस बाजू गाडीच्या बॉडीला) असतो हे त्याला कोण सांगणार, डायनॅमोला पुन्हा सरळ करण्यात आमचा एक रविवार गेला. स्पोकची चाकं बाहेर पाठवली होती, ती सात महिने परत आलीच नाहीत, त्याबद्दल नाही लिहित, बीपी वाढतो.

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सहाला गाडी काढली. स्पीडोची केबल अजून यायची होती म्हणून मीटर बंदच. फुटाळा तलावापर्यंत जायचं ठरलं, बाजूला बाबा बसणार होते, पण आजी (वय ८४) पदर खोचून आधीच दाराशी उभी. सेमिनरी हिल्सच्या उतारावर मी जरा दाबली. काटा शून्यावर, आजी त्याच्याकडेच बघत.

"चाळीस झाले बाबू."

मी बंद मीटरकडे बघितलं अन् ब्रेक दाबला.